नवे पार्ट टाकले, तरी गिअर पडेना!

बालमित्रांनो,

सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांना यंत्रमागाच्या खटखटीतच झोप लागते. उलट आवाज थांबला की जाग येते! आता सांगा पाहू, माग मध्येच थांबला तर विणकर काय करतो? मोटर बदलतो? की अख्खा ताणा कापून नवा लावतो? छे! तो आधी वाकून बघतो. कुठला धागा तुटला ते शोधतो, गाठ मारतो आणि माग पुन्हा सुरू करतो. गाठ मारायला वेळ लागत नाही. खरे काम असते ते धागा शोधण्याचे.

आज आपण असाच एक तुटलेला धागा शोधणार आहोत. पण तो मागावरचा नाही, मोटारीतला आहे.

माझ्या वर्गातल्या, म्हणजे चौथीतल्या एका मुलाचे वडील जीप चालवतात. सोलापूरहून अक्कलकोटला, कधी गाणगापूरला भाविकांना नेतात-आणतात. मध्यंतरी त्यांच्या जीपचा क्लच बिघडला. पेडल दाबले तरी गिअर पडेना. पडलाच तर ‘कर्रर्र’ असा आवाज! त्यांनी एका गॅरेजमध्ये गाडी दाखवली. तिथे क्लचचे वरचा आणि खालचा असे दोन्ही सिलिंडर नवे बसवले. पैसे गेले, दोन दिवस गेले, आणि गाडी? पुन्हा तीच रड. आता गॅरेजवाले म्हणू लागले, “गिअरबॉक्स उतरवू. प्रेशर प्लेट, क्लच प्लेट, सगळंच बदलून टाकू.” म्हणजे आणखी हजारोंचा खर्च. त्यातून गुरुवार तोंडावर आलेला. गुरुवारी अक्कलकोटला स्वामी समर्थांच्या दर्शनाला किती गर्दी असते, हे तुम्हांला ठाऊक आहेच. चार पैसे मिळायचा दिवस तो, आणि गाडी मात्र दारात उभी!

मधल्या सुट्टीत तो मुलगा माझ्याकडे आला. डबासुद्धा खाल्ला नव्हता त्याने. म्हणाला, “गुरुजी, नवीन पार्ट टाकलं म्हणजे गाडी नीट व्हायला पाहिजे ना? मग का होईना?”

किती चांगला प्रश्न! मुलांनो, त्याचे उत्तर आपण मिळवूच. पण त्याआधी क्लच म्हणजे काय, ते समजून घेऊ.

क्लच कशाला लागतो?

गाडी उभी असली, तरी इंजिन चालू असेल तर त्याचा दांडा मिनिटाला शेकडो फेरे घेत असतो. चाके मात्र थांबलेली असतात. मग फिरणारे इंजिन आणि थांबलेली चाके यांची सांगड कशी घालायची? त्यासाठी मध्ये क्लच असतो.

तुमचे दोन्ही तळहात एकमेकांवर घट्ट दाबा. आता एक तळहात फिरवा. दुसराही त्याच्याबरोबर ओढला जातो ना? आता दाब कमी करा आणि पुन्हा फिरवा. एक फिरतो, दुसरा जागच्या जागी राहतो. झाला क्लच! इंजिनाला एक जड चाक असते, त्याला फ्लायव्हील म्हणतात. क्लच प्लेट नावाची तबकडी त्याला टेकलेली असते. प्रेशर प्लेटची दणकट स्प्रिंग तिला घट्ट दाबून धरते. त्यामुळे इंजिनाची ताकद गिअरबॉक्समधून चाकांपर्यंत जाते. ड्रायव्हरने क्लचचे पेडल दाबले की ही पकड सुटते, आणि मग गिअर बदलता येतो. पकड पूर्ण सुटली नाही, तर फिरणारे आणि थांबलेले दाते एकमेकांवर आपटतात. तोच तो ‘कर्रर्र’ आवाज.

आता पाय असतो आत पेडलवर आणि क्लच असतो पुढे इंजिनामागे. पायाचा हुकूम तिथपर्यंत पोचवायचा कसा? एक उपाय म्हणजे तार. मारुती ८०० ही गाडी १९८३ साली आली आणि २०१४ सालापर्यंत तयार होत होती. तिच्या क्लचला सायकलच्या ब्रेकसारखी तारच होती. दुसरा उपाय अधिक गमतीचा आहे. तारेऐवजी तेल!

तेल कसे ढकलते?

यासाठी एक प्रयोग करा. औषधांच्या दुकानातून सुई नसलेल्या दोन नव्या सिरिंज आणा, एक ५ मिलिलिटरची आणि एक १० मिलिलिटरची. दवाखान्यात वापरलेल्या सिरिंज अजिबात घ्यायच्या नाहीत. घट्ट बसेल अशी एक बारीक नळी आणा. सिरिंज आणि नळी पाण्याने पूर्ण भरून एकमेकांना जोडा. आत एकही बुडबुडा राहू देऊ नका. आता लहान सिरिंजचा दट्ट्या दाबा. मोठीचा दट्ट्या लगेच वर सरकेल. त्याला अंगठ्याने अडवून पाहा, बराच जोर लागेल!

असे का होते, हे ब्लेझ पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाने सांगितले. त्याचा जन्म १६२३ सालचा. त्याचे वडील कर गोळा करण्याच्या कामावर होते. त्यांची आकडेमोड सोपी व्हावी म्हणून पास्कलने १६४२ साली, म्हणजे विशीच्या आतच, बेरीज-वजाबाकी करणारे यंत्र बनवायला घेतले. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दाब दिला, की तो दाब द्रवात सगळीकडे सारखाच पोचतो, हा त्याचा नियम. तो फक्त ३९ वर्षे जगला. द्रवांविषयीचे त्याचे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १६६३ साली प्रसिद्ध झाले. आज दाब मोजण्याच्या एककालाच पास्कल म्हणतात.

जीपमध्ये अशाच दोन ‘सिरिंज’ असतात. पेडलजवळ असतो तो मास्टर सिलिंडर, म्हणजे हुकूम सोडणारा. खाली गिअरबॉक्सजवळ असतो तो स्लेव्ह सिलिंडर, म्हणजे हुकूम पाळणारा. दोघांना जोडणारी नळी आणि वर तेलाची छोटी डबी. या तेलाला गॅरेजमध्ये ब्रेक ऑइल म्हणतात. हे इंजिनात घालायचे तेल नव्हे बरं का! चुकून दुसरे तेल घातले, तर आतली रबरे फुगतात आणि सगळेच बिघडते. पेडल दाबले की मास्टर तेल ढकलतो, तेल स्लेव्हचा दट्ट्या ढकलते आणि दट्ट्या क्लचची पकड सोडवतो.

आता प्रयोग पुन्हा करा. या वेळी नळीत मुद्दाम हवेचा एक मोठा बुडबुडा राहू द्या. मोठ्या सिरिंजचा दट्ट्या अंगठ्याने अडवून धरा आणि लहान दट्ट्या दाबा. काय वाटते? मऊ-मऊ, स्पंजसारखे! तुम्ही दाबता खरे, पण पलीकडे पूर्वीइतका जोर पोचत नाही. बुडबुडाच आकसतो.

थोडे गणित करू. समजा, पेडल पूर्ण दाबल्यावर ८ घन सेंटिमीटर तेल ढकलले जाते, आणि आत ४ घन सेंटिमीटर हवा अडकली आहे. आत दाब आपल्या भोवतालच्या हवेच्या २० पट झाला, तर ती हवा २० पट आकसून ०.२ घन सेंटिमीटर होईल. म्हणजे ढकललेल्या ८ पैकी ३.८ घन सेंटिमीटर तेल हवेला दाबण्यातच खर्च झाले! उरले जेमतेम निम्मे. क्लचची पकड सुटणार कशी? तेवढ्याच दाबाने पाणी मात्र हजारातला एक भागसुद्धा आकसत नाही. म्हणून हुकूम द्रवाच्या हाती द्यायचा, हवेच्या नाही.

मिस्त्रींचे पाच प्रश्न

आता पुन्हा जीपकडे येऊ. गिअरबॉक्स उतरवण्याआधी आणखी एका माणसाला दाखवावी, असे वडिलांनी ठरवले. अक्कलकोट रस्त्याला एक वयस्कर मिस्त्री आहेत. जीप दुसऱ्या गाडीला बांधून, टोचन करून तिथे नेली. शाळा सुटल्यावर मीही गेलो. आमचा विद्यार्थी आधीच तिथे हजर होता.

मिस्त्रींनी पान्ह्याला हातसुद्धा लावला नाही. आधी प्रश्न विचारायला सुरुवात केली. हे प्रश्न नीट वाचा, मुलांनो. प्रत्येक प्रश्नाने एकेक शंका मिटत गेली.

पहिला प्रश्न : इंजिन बंद असताना गिअर पडतो का? वडिलांनी टाकून दाखवला. अलगद पडला. इंजिन सुरू केल्यावर मात्र कर्रर्र! “म्हणजे गिअरबॉक्स चांगला आहे. क्लच सुटत नाही, एवढंच,” मिस्त्री म्हणाले. एक शंका गेली.

दुसरा प्रश्न : तेल कमी होतंय का? डबी भरलेली होती. पेडलच्या मागे हात फिरवून पाहिला, कोरडा. स्लेव्हचे रबरी टोपण वर करून पाहिले, कोरडे. नळीचे सांधे पाहिले, तेही कोरडे. म्हणजे तेल बाहेर गळत नव्हते. दुसरी शंका गेली.

तिसरा प्रश्न : पेडल भराभर दाबलं तर काय होतं? वडिलांनी इंजिन चालू ठेवून पाच-सहा वेळा पेडल पटापट दाबले आणि शेवटी दाबून धरले. ते कडक झाले, आणि गंमत म्हणजे गिअर पडला! मिस्त्री हसले. “बघा गुरुजी, क्लच सुटतोय की! प्रेशर प्लेट मोडली असती, तर कितीही दाबलं तरी सुटला नसता. मग गिअरबॉक्स कशाला उतरवायचा?” भराभर दाबल्यामुळे डबीतले जास्तीचे तेल नळीत आले होते आणि कमी पडणारी ढकल भरून निघाली होती. हजारोंचा खर्च तिथेच वाचला.

चौथा प्रश्न : दाबून धरलेलं पेडल हळूहळू खाली बसतं का? मिनिटभर धरून पाहिले. जागचे हलले नाही. हळूहळू खाली बसले असते, तर नव्या मास्टरच्या आतल्या रबरावर संशय घ्यावा लागला असता. बाहेर थेंबही न गळता तेल आतल्या आत मागे जाते तेव्हा असे होते. पण इथे तसे नव्हते. आता एकच संशयित उरला होता, हवा.

“पण दोन वेळा हवा काढली की त्यांनी!” वडील म्हणाले.

मग पाचवा प्रश्न आला : हवा काढली, तर ती गेली का नाही?

मिस्त्री खाली वाकले, बॅटरीचा झोत टाकला आणि आमच्या विद्यार्थ्याला म्हणाले, “ये बाळा, तू बघ. पाण्यात बुडबुडा कुठं जातो? वर का खाली?”

“वर.”

“मग ते निपल कुठं आहे बघ.”

स्लेव्ह सिलिंडरला दोन छिद्रे होती. एका छिद्रात नळी जोडायची, दुसऱ्यात हवा काढायचे निपल बसवायचे. बसवताना अदलाबदल झाली होती. नळी वरच्या छिद्रात आणि निपल खालच्या! निपल उघडले की तळाचे तेल बाहेर येत होते आणि हवा वरती आरामात बसून राहत होती.

“हवा राहती माडीवर, अन् दार ठेवलंय तळघरात! जाईल कशी बाहेर?” मिस्त्री म्हणाले. “पार्ट नवीन आहे म्हणून बरोबर बसलाय, असं नसतं बाळा.”

मिळाले ना उत्तर? पार्ट नवे होते, चांगले होते. चूक होती ती बसवण्यात. पण ती न शोधता प्लेट बदलली असती, तर ‘रोग रेड्याला अन् औषध पखालीला’ अशी गत झाली असती. पखाल म्हणजे पूर्वी रेड्याच्या पाठीवरून पाणी वाहून नेण्याची कातडी पिशवी. आजारी रेडा, आणि औषध पिशवीला!

दाब... धर... सोड!

मिस्त्रींनी नळी आणि निपल यांच्या जागा बदलल्या. मग हवा काढायचे काम सुरू झाले. याला दोन माणसे लागतात. वडील पेडलवर, मिस्त्री खाली. निपलला एक पारदर्शक नळी लावली, तिचे दुसरे टोक बाटलीतल्या तेलात बुडवले. डबीत तेल कमी होतेय का, ते बघायचे काम आमच्या विद्यार्थ्याकडे आले.

“दाब!” वडिलांनी पेडल दाबले. “धर!” मिस्त्रींनी निपल जरासे उघडले. भुस्सकन बुडबुडे आणि फेसाळ तेल नळीतून बाटलीत आले. मिस्त्रींनी निपल बंद केले. “आता सोड!” पुन्हा दाब, पुन्हा धर, पुन्हा सोड. एकदा वडिलांचा पाय जरा सैल होतोय असे वाटताच मिस्त्री खालून ओरडले, “मी सांगेपर्यंत पाय उचलायचा नाही!” आणि आमचा पहारेकरी ओरडला, “काका, डबी निम्मी झाली!” लगेच सीलबंद डब्यातले नवे तेल ओतले. डबी रिकामी झाली असती, तर वरून पुन्हा हवा शिरली असती.

दहा-बारा वेळा असे केल्यावर बुडबुडे संपले. नुसते स्वच्छ तेल येऊ लागले. पेडल पहिल्याच दाबाला कडक लागले. शेवटी मिस्त्रींनी पेडल बोटाने हलवून पाहिले. सुरुवातीला ते किंचित मोकळे हलायला हवे. त्याला ‘प्ले’ म्हणतात. प्ले अजिबात नसेल, तर पाय उचलल्यावरही थोडे तेल नळीत दाबलेलेच राहू शकते. मग क्लच अर्धवट सुटलेला राहतो, घसरतो आणि प्लेट जळते. नवा मास्टर बसवला की हे तपासायचेच असते.

इंजिन सुरू झाले. पहिला गिअर, अलगद! रिव्हर्स, अलगद! एकही नवा पार्ट लागला नाही. लागले ते थोडे तेल, तासभर वेळ आणि पाच प्रश्न. गुरुवारी जीप अक्कलकोटच्या रस्त्याला लागली.

बिघाड वेगळा, उत्तर वेगळे

पण मुलांनो, प्रत्येक गाडीत हवाच अडकलेली असेल, असे समजू नका. पेडल पहिल्यापासून कडक आहे, प्ले बरोबर आहे आणि तरीही गिअर पडत नाही, असे असेल तर संशय तेलावरून पुढे सरकतो. आतला फोर्क वाकला आहे का? क्लच प्लेट उलटी बसवली आहे का? गाडी बरेच दिवस उभी राहून प्लेट गंजाने चिकटली आहे का? तेव्हा मात्र गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. आणि पाय उचलल्यावर क्लच लवकर परत येत नसेल, तर रबरी नळी आतून फुगून बंद झाली आहे का, तेही पाहावे लागते. लक्षण बदलले की प्रश्न बदलतात. प्रश्न विचारणे मात्र सुटत नाही.

ही सवय फक्त गाडीसाठी नाही बरं का! गणित चुकले, तर सगळे खोडून पुन्हा लिहू नका. कुठल्या पायरीपर्यंत बरोबर आहे, ते आधी बघा. सायकल जड चालते, टॉर्च लागत नाही, नळाला पाणी येत नाही, अशा वेळी वहीत तीन रकाने आखा : काय दिसले, काय तपासले, काय ठरले. एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर कशामुळे दुरुस्त झाले ते कळणारच नाही.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. ब्रेक ऑइल विषारी असते. ते हातांना, डोळ्यांना लागू देऊ नका. गाडीच्या रंगावर सांडले तर रंगही खराब होतो. जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जायचे नाही. क्लच आणि ब्रेकचे काम जाणकार मिस्त्रींनीच करायचे. तुम्ही प्रयोग करा तो सिरिंज आणि पाण्याचा!

आता थोडे पालकांसाठी. “अभ्यास कर, नाहीतर गॅरेजात जाशील,” हे वाक्य आपल्याकडे घरोघरी ऐकू येते. ज्यांच्या घरची चूल गॅरेजवर चालते, अशी मुलेही वर्गात बसलेली असतात आणि तेही हे ऐकत असतात. त्या मिस्त्रींच्या पाच प्रश्नांत पास्कलचा नियम होता, हवेचा गुणधर्म होता आणि तर्कशास्त्रही होते. तो अभ्यासच आहे. दहावीनंतर आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. ज्या मुलाला यंत्रांची ओढ आहे, त्याला एखाद्या सुट्टीच्या दिवशी ओळखीच्या मिस्त्रींकडे घेऊन जा. दूर उभे राहून बघू द्या, प्रश्न विचारू द्या.

आणि बालमित्रांनो, तुमच्यासाठी हे या आठवड्याचे कोडे. मिस्त्री खालून ओरडले ना, “मी सांगेपर्यंत पाय उचलायचा नाही” म्हणून? समजा, निपल उघडे आहे, पारदर्शक नळीचे टोक बाटलीतल्या तेलात बुडवलेले नाही, आणि वडिलांनी पाय उचलला. तर काय झाले असते? नुसते मनाने उत्तर देऊ नका. सिरिंज घ्या, करून बघा, वहीत चित्र काढा आणि मग लिहा. उत्तर पुढच्या आठवड्यात पडताळून पाहू.

तुमचे,
गुरुजी